बेलमनच्या रानात संपणारी वाट

ग्लेनिस प्रोबर्टनं पस्तीस वर्षं टपाल वाटलं होतं. हॉपस्टो गाव आणि आजूबाजूची शेतघरं यांतलं एकही कुत्रं असं नव्हतं की जे तिच्यावर भुंकून भुंकून शेवटी दमलं नव्हतं. कुणाचं फाटक कुरकुरतं, कुणाच्या दारातली फरशी हलते, कुणाला कुठल्या देशातून पत्रं येतात, सगळं तिला तोंडपाठ. निवृत्त झाल्यावर पायांना चैन पडेना, म्हणून ती बुधवारच्या चालणाऱ्या मंडळींत सामील झाली. दर बुधवारी सकाळी दहाला जमायचं, सात-आठ मैल चालायचं, वाटेत डबे खायचे आणि शेवटी पबमध्ये पाय पसरून बसायचं, असा त्यांचा शिरस्ता.

पहिल्याच महिन्यात ग्लेनिसला शेपटाचं काम मिळालं. शेपूट म्हणजे सगळ्यांत मागं चालणारा माणूस. मागून फाटकं लावून घ्यायची, झुडपात अडकलेल्याची वाट बघायची आणि दर थांब्यावर डोकी मोजायची. टपालवाली असल्यामुळं तिची मोजणी चुकत नाही, असं सगळ्यांचं म्हणणं. पाच वर्षं ती शेपूटच राहिली. पुढं चालणारा कायम डेस्मंड, आडनाव फार. हा माणूस पूर्वी विमा कंपनीत होता. गळ्यात नकाशाची पिशवी, मनगटावर ठिकाण दाखवणारं यंत्र, आणि नियम म्हटला की त्याच्या चेहऱ्यावर तेज चढायचं.

त्या हिवाळ्यात पावसानं तीन बुधवार लागोपाठ बुडवले. ग्लेनिसनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला आणि उगाच बोट फिरवत बसली. हॉपस्टोच्या पुलापासून एक हिरवी तुटक रेघ निघत होती. ऑनी नदीच्या काठाकाठानं वळणं घेत ती वर जायची, बेलमनच्या रानात शिरायची आणि रानाच्या ऐन मध्यावर संपायची. पुढं रस्ता नाही, घर नाही, पडकी भिंतसुद्धा नाही. जणू रेघ मारणाऱ्याला मध्येच कुणी हाक मारली आणि तो पेन्सिल टाकून उठून गेला.

ग्लेनिसनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. माणूस रानाच्या मध्यापर्यंत कशाला जाईल? आणि गेला तर तिथून परत का फिरेल?

पुढच्या बुधवारी तिनं डेस्मंडला विचारलं.

"छपाईची चूक असेल," तो म्हणाला.

"चूक असती तर दुरुस्त केली असती ना? मी वाचनालयात जाऊन जुना नकाशा पाहिला. चाळीस वर्षांपूर्वीसुद्धा तिथंच संपते."

"मग जुनी चूक असेल. ग्लेनिस, त्या वाटेनं कुठंच जाता येत नाही, म्हणून तिकडं कुणी जात नाही. साधी गोष्ट आहे."

"पण कुठंच जात नसलेली वाट पाडली कुणी?"

डेस्मंडनं मान हलवली आणि बुटाची नाडी बांधायला वाकला. बेरिल नावाची त्यांच्यातली एक गोल चेहऱ्याची, कायम केक घेऊन येणारी बाई हसली. "अगं, हिच्या डोक्यात किडा शिरलाय. आता तो बाहेर काढल्याशिवाय ही आपल्याला जगू द्यायची नाही."

बेरिलचं खरं होतं. मार्चमध्ये उन्हाळ्याच्या फेऱ्या वाटून घ्यायला सगळे जमले, तेव्हा ग्लेनिसनं पहिल्यांदाच हात वर केला. "एप्रिलचा शेवटचा बुधवार माझा. नदीकाठ आणि बेलमनचं रान. पुढं मी चालणार."

मंडळींचा एक पक्का नियम होता. जो नेणार, त्यानं ती वाट आधी एकट्यानं चालून बघायची. ग्लेनिस गेलीही होती. नदीकाठ सगळा चालली, रानाच्या फाटकापर्यंत पोचली, आणि तिथं थबकली. पस्तीस वर्षं टपाल वाटलं. पण जिथं पेटी नाही तिथं तिचं पाऊल कधी पडलं नव्हतं. रान गडद होतं, आतून कसलासा खटखट आवाज येत होता, बहुधा सुतारपक्ष्याचा. तिनं फाटकावर हात ठेवला, थोडा वेळ उभी राहिली, आणि घरी परतली. मग स्वतःवरच चिडून दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही.

ठरलेल्या बुधवारी चर्चच्या आवारात अकराजण जमले. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं आणि वारा मात्र बोचरा.

"वाट बघून आलीस ना?" डेस्मंडनं विचारलं.

"आले," ग्लेनिस म्हणाली. हे अर्धंच खरं होतं, आणि ते तिला बुटात खडा शिरावा तसं टोचत राहिलं.

तिनं शेपटाचं काम डेस्मंडला दिलं. त्याचा चेहरा पडला, पण नियम म्हणजे नियम. तो गुपचूप मागं जाऊन उभा राहिला.

पूल ओलांडून ते नदीला लागले. ऑनी काही मोठी नदी नव्हे. उन्हाळ्यात पोरं पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तिच्यातून पलीकडं जातात. पण एप्रिलात ती भरलेली असते, दगडांवरून खळाळत, स्वतःशीच बडबडत गेल्यासारखी. काठावरच्या आल्डर झाडांच्या मुळांखालून एक खंड्या निळ्या ठिणगीसारखा सुटला आणि सगळे एकदम "अरे!" म्हणाले, फक्त बेरिल तेव्हा पिशवीत काहीतरी शोधत होती, तिला तो दिसलाच नाही.

"नेहमीचंच आहे," ती म्हणाली. "मी वर बघते तेव्हा सगळे 'गेला' म्हणतात."

पुढच्या कुरणात वीसेक कालवडी होत्या. माणसं पाहिली तशी त्या धावत आल्या आणि दहा पावलांवर येऊन थांबल्या. हे चालले की त्या चालायच्या, हे थांबले की त्या थांबायच्या.

"माझ्याहून चौकस जनावरं दिसतायत," ग्लेनिस म्हणाली.

"तुझी बरोबरी कुणी करू नये," मागून विल्फनं टोला हाणला. विल्फ ब्युफॉय त्यांच्यातला सगळ्यांत वडील, ब्याऐंशी वर्षांचा. दोन काठ्या घेऊन चालायचा, पण कुणी हात दिला तर काठी उगारायचा. "माझी आजी कार्डविकची होती. ती म्हणायची, हॉपस्टोच्या बाया दारात उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याचे खिसेसुद्धा मोजतात."

"कार्डविकची?" ग्लेनिस मागं वळली. "पण विल्फ, कार्डविक तर सात मैलांवर. मोठा रस्ता, मग वरचा पूल, मग तो डोंगर. त्या काळात तुमच्या आजोबांची नि त्यांची गाठ पडली कुठं?"

विल्फ काठीवर भार टाकून थांबला. "खरं सांगू? हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. आमच्या गल्लीत कार्डविकच्या तीन सुना होत्या. त्यानंतर मात्र तिकडून एकही आली नाही."

ग्लेनिसनं नकाशा काढला. रानात संपणाऱ्या रेघेचं टोक आणि पलीकडचं कार्डविक यांच्यात तिनं बोट ठेवलं. एका बोटाच्या रुंदीचंच अंतर होतं ते. पाऊण मैलसुद्धा नसेल. तिनं नकाशाची घडी केली, आणि त्यानंतर तिची चाल अशी वाढली की बेरिलला "अगं, जरा दमानं!" असं दोनदा ओरडावं लागलं.

रानाच्या फाटकाशी ती आली, आणि या वेळी मागं दहा माणसं असल्यामुळं थबकली नाही. आत शिरताच रानलसणीचा वास नाकात भरला. झाडांखाली सगळीकडं तिची पांढरी फुलं पसरली होती आणि मधून वितभर रुंदीची चिखलाची वाट. डावीकडं खाली नदीचा आवाज. सुतारपक्षी खरंच होता. त्यानं एकदा खटखट केली आणि गप्प झाला. अर्धा तास ते एकामागं एक चालले. वाट हळूहळू बारीक झाली, मग पानांत बुडाली, मग आहे की नाही असा संशय यायला लागला. आणि एका ओकच्या बुंध्याशी गुडघ्याएवढा एक दगड लागला. शेवाळ खरवडल्यावर त्याच्या एका अंगाला 'ह' आणि दुसऱ्या अंगाला 'क' ही अक्षरं दिसली.

डेस्मंड मागून पुढं आला. मनगटावरचं यंत्र बघून म्हणाला, "संपली. इंचाचाही फरक नाही. हा हद्दीचा दगड. इकडं हॉपस्टो, तिकडं कार्डविक. आता इथं डबे खाऊ आणि परत फिरू. ग्लेनिस, तुला हे माहीतच असेल."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. ग्लेनिसच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मी फाटकापर्यंतच आले होते. पुढं यायला घाबरले. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

डेस्मंडनं तोंड उघडलं. पण तो काय म्हणाला असता हे कळायच्या आतच विल्फनं काठीनं दगडापलीकडं दाखवलं. "ते नंतर भांडा. आधी हे बघा."

दगडाच्या अलीकडं त्यांनी काटेरी वेली तुडवत वाट काढली होती. पलीकडं एकही काटा वाटेत नव्हता. दोन्ही बाजूंच्या वेली सरळ रेषेत छाटलेल्या, आणि पायाखालची माती रोजच्या वावरानं बसते तशी घट्ट बसलेली. ग्लेनिस वाकली. एका हेझलच्या फांदीचा काप पांढराशुभ्र होता. तिनं त्यावर बोट फिरवलं.

"ओला आहे. दोन दिवसांच्या वरचा नाही."

"शिकारी असेल कुणी," बेरिल म्हणाली. "नाहीतर लाकूडकंपनीचा माणूस."

"कंपनीचा माणूस यंत्र आणील. हे कोयत्यानं कापलंय." ग्लेनिस चार पावलं पुढं गेली. एका घसरड्या उतारावर झाडांना दोर बांधला होता, धरून उतरायला. तो तिच्या कमरेच्याही खाली आला. "बुटकं माणूस आहे. आणि काप सगळे उलट्या बाजूला कललेत. डावखुरं."

"तू टपालात होतीस की पोलिसात?" विल्फ म्हणाला.

"टपालात असलेल्याला जास्त कळतं."

डेस्मंड मात्र दगडाच्या अलीकडंच उभा होता. "थांबा. नकाशावर वाट नाही, म्हणजे आपल्याला चालायचा हक्क नाही. ही खासगी जमीन आहे. मी आजवर एकदाही हक्क नसलेल्या जमिनीवरून लोकांना नेलेलं नाही."

"आज तू नेत नाहीयेस," ग्लेनिस शांतपणे म्हणाली. "मी नेतेय. आणि ज्याला परत जायचंय त्यानं खुशाल जावं, मला राग नाही. मला फक्त एवढंच बघायचंय की नसलेल्या वाटेची एवढी निगा कोण राखतं."

ती दोर धरून उतरली. मागं न बघता वीस पावलं चालली, आणि मग बघितलं. विल्फ येत होता, बेरिल येत होती, बाकीचे सगळे येत होते. शेवटी दोर धरून, ओठ आवळून, डेस्मंडही उतरला.

"मी फक्त माणसं मोजायला येतोय," तो म्हणाला. "शेपटाशिवाय कसं चालेल?"

पलीकडची वाट बघण्यासारखी होती. ओहोळावर दोन फळ्या टाकलेल्या, आणि पाय सरकू नये म्हणून त्यांवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ठोकलेली. चढावर मातीत पायऱ्या खोदलेल्या, लहान लहान, म्हाताऱ्या गुडघ्यांना झेपतील अशा. एका वळणावर नदी दिसते तिथं बाक होता. दोन ठोकळे आणि वर फळी, जेमतेम एका माणसापुरता. प्रत्येक गोष्टीपाशी सगळे घोळका करून उभे राहायचे आणि आपापला तर्क लढवायचे. एकानं सांगितलं, एखादा संन्यासी असणार. बेरिलला वाटलं, कुणीतरी गुपचूप दारू गाळत असणार. डेस्मंड गप्प होता. पण जाळी ठोकलेले खिळे मोजताना ग्लेनिसनं त्याला पकडलं.

पाऊण तासानं झाडं विरळ झाली. एक छोटं फाटक आलं, त्यापलीकडं रुबार्बचे लालबुंद देठ, एक दगडी घर आणि धुराडं. वाफ्यात एक म्हातारी पाठमोरी उभी होती. पाचवीतल्या मुलीएवढी उंची, पुरुषी कोट, आणि डाव्या हातात कोयता.

"नमस्कार," ग्लेनिस म्हणाली.

म्हातारी वळली. आधी तिनं ग्लेनिसला बघितलं, मग तिच्या मागून फाटकातून एकेक येणाऱ्या माणसांना.

"कुठून आलात?"

"हॉपस्टोहून."

"गाड्या कुठं लावल्यात?"

"गाड्या नाहीत. वाटेनं चालत आलो. नदीवरून, दगडावरून."

म्हातारीनं कोयता खाली ठेवला. वाफ्याच्या कडेला पालथी घातलेली एक बादली होती, तिच्यावर ती हळूच बसली. मग म्हणाली, "किती जण आहात?"

"अकरा," मागून डेस्मंड म्हणाला.

"माझ्याकडं कप सातच आहेत," म्हातारी म्हणाली. "चौघांना वाडग्यातून प्यावा लागेल."

तिचं नाव ओल्वेन गिटिन्स. लग्न केलेलं नव्हतं. त्र्याऐंशी वर्षं याच घरात काढली होती. चहा झाला, बेरिलचा केक निघाला, घरामागच्या बाकांवर नि पायऱ्यांवर सगळे टेकले. मिस गिटिन्स प्रत्येकाला नाव विचारत होती, आणि उत्तर ऐकल्यावर ते एकदा स्वतः म्हणून बघत होती. विल्फनं आजीचं सांगितलं, तेव्हा तिनं मान हलवली. "असेल. माझ्या लहानपणी इथून रोज माणसं जायची. तिकडं बाजार होता, इकडं प्रार्थनेचं चॅपल. शाळेतून सुटले की मी त्या दगडावर बसून येणाऱ्यांची टिंगल करायचे."

"मग ती नकाशावर का नाही?" ग्लेनिसनं विचारलं.

प्रश्न तोंडातून सुटला आणि तिला कळलं की सुटायला नको होता. म्हातारीचा चेहरा खिडकी बंद व्हावी तसा बंद झाला.

"ते तुम्हाला कशाला हवं?" ती म्हणाली आणि कप गोळा करायला लागली.

परतताना मिस गिटिन्स त्यांना पोचवायला आली. सबंध वाट ती पुढं चालली, एक शब्दही न बोलता, कुठं फांदी आडवी आली असेल तर कोयत्यानं उडवत. दगडाशी ती थांबली. एकेक जण दगड ओलांडून अलीकडं आला, ती मात्र पलीकडंच राहिली. ग्लेनिस शेवटी उरली.

"मघाशी चुकलं माझं," ग्लेनिस म्हणाली. "सवयच आहे मला. नाही तिथं नाक खुपसते."

"बुधवारी येता तुम्ही?"

"हो. दर बुधवारी."

"मग पुढच्या बुधवारी तू ये. एकटी."

ग्लेनिसनं तो आठवडा कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. पुढच्या बुधवारी तिनं मंडळींना सांगितलं की दाताच्या डॉक्टरकडं जायचंय, आणि बेरिलनं "कुठला दात गं, अकलेचा का?" असं विचारलं तरी ताकास तूर लागू दिली नाही.

मिस गिटिन्सनं टेबल पुसून ठेवलं होतं. त्यावर एक मोठा, घड्या पडून पिवळा झालेला कागद होता. हातानं काढलेला नकाशा: नदी, रान, घरं, वाटा लाल शाईनं रंगवलेल्या. घरापासून दगडापर्यंत लाल रेघ नव्हती. पण तिथं कागद पातळ झाला होता. खिडकीशी धरल्यावर ग्लेनिसला दिसलं, खरवडलेल्या जागी फिकट गुलाबी वळण तसंच होतं.

"बावन्न साल," मिस गिटिन्स म्हणाली. "सरकारनं प्रत्येक गावाला सांगितलं, आपापल्या हद्दीतल्या वाटा चालून बघा नि नकाशा द्या. कार्डविकमध्ये धड अक्षर कुणाचं? माझ्या बाबांचं. ते इस्टेटीत रानरखवालदार होते. दोन महिने रविवार रविवार चालून त्यांनी हा कागद केला. मी अकरा वर्षांची. मोजायच्या दोरीचं दुसरं टोक मीच धरायचे."

"आणि मग?"

"मग इस्टेटीच्या मालकांनी, मोठ्या घरच्या कर्नलसाहेबांनी, कागद बघायला मागवला. ते ओरडले नाहीत हं. नुसतं म्हणाले, 'गिटिन्स, माझे तितर त्या रानात अंडी घालतात. आणि हे घर, माझ्या माहितीप्रमाणं, माझंच आहे.' एवढंच. बाबा घरी आले, जेवले नाहीत, आणि दाढीचं पातं घेऊन या टेबलावर बसले. मी बघत होते. दुसरी प्रत त्यांनी स्वच्छ काढून कचेरीत दिली. ही जाळायची होती, ती जाळली नाही."

"लोकांनी विचारलं नाही?"

"इथल्यांना कळलं होतं, सगळ्यांचीच घरं साहेबांची. हॉपस्टोनं आपली वाट दगडापर्यंत दाखवलीच होती, पण तिथल्या लोकांना इथल्या फाटकाला कुलूप दिसलं, पाटी दिसली, ते यायचे थांबले. बाबा नंतर कधी हॉपस्टोला गेले नाहीत. म्हणायचे, तोंड कसं दाखवू? पण दर वसंतात कोयता घेऊन दगडापर्यंत वाट साफ करायचे. साहेबांना सांगायचे, तितरांसाठी. साहेब गेले, इस्टेट फुटली, हे घर आम्हाला विकत मिळालं, रान लाकूडवाल्यांकडं गेलं, कुलूप गंजून पडलं. पण तोवर नकाशे छापून झाले होते. नकाशात नाही म्हणून कुणी येत नव्हतं, आणि कुणी येत नाही म्हणून नकाशात नव्हती. बाबांच्या मागं मी करत राहिले, दगडापलीकडं मात्र मीही गेले नाही."

"कुणासाठी?"

हा प्रश्न मिस गिटिन्सला पूर्वी कुणी घातला नसावा.

"कोण येतं ते बघायला, असेल," ती म्हणाली.

तिनं कागदाची घडी केली, पण ग्लेनिसच्या हातात दिली नाही. "याचा उपयोग होईल म्हणतात. वाचलंय मी. जुना कागद असला तर वाट परत मिळते. पण मग तिथं लिहाल ना, की इव्हान गिटिन्सनं खोटा नकाशा दिला?"

होय म्हणावं तर म्हातारी दुखावणार, नाही म्हणावं तर ते आणखी एक खोटं, आणि आधीचीच तिला पुरे झाली होती. "मला ठाऊक नाही," ग्लेनिस म्हणाली. "पण ज्याला ठाऊक असेल अशा माणसाला आणते."

म्हणून पुढच्या शनिवारी डेस्मंड, हक्क नसलेल्या जमिनीवरून दुसऱ्यांदा, कार्डविकला आला. त्यानं कागद खिडकीशी धरला, भिंगातून पाहिला, पुन्हा पाहिला. ग्लेनिसनं त्याचा असा चेहरा कधी बघितला नव्हता.

"किती सुंदर काम आहे हे," तो म्हणाला. "मिस गिटिन्स, तुमच्या वडिलांची एकही वाट हातभरसुद्धा इकडंतिकडं नाही. मी आजच्या नकाशाशी ताडून बघितली."

"ते बरोबरच होते. ती एक सोडून."

"तीही बरोबरच आहे. फक्त खरवडलेली आहे." त्यानं पिशवीतून फॉर्म काढले. असे फॉर्म त्याच्याकडं नेहमीच असायचे, काही घडलंच तर म्हणून. तो लिहीत गेला आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचत गेला. "'सर्वेक्षकाने मूळ प्रतीत सदर वाट नोंदवली होती. नंतर ती काढण्यात आली.'"

"कुणी काढली?" मिस गिटिन्सनं विचारलं.

"फॉर्ममध्ये तो रकाना नाही," डेस्मंड म्हणाला.

म्हातारीनं त्याच्याकडं नीट बघून घेतलं. मग कागद टेबलावरून त्याच्या बाजूला सरकवला. "चौकशीला माणूस आला आणि त्यानं विचारलं तर मी खरं सांगीन," ती म्हणाली. "त्यांनीही सांगितलं असतं. पण कुणी विचारलंच नाही त्यांना."

जिल्हा कचेरीनं अडीच वर्षं लावली. मध्ये दोनदा कागद मागवले, एकदा हरवले नि सापडले. चौकशीचा अधिकारी आला, एक भला, सर्दी झालेला माणूस. त्यानं खरंच विचारलं, आणि मिस गिटिन्सनं कर्नलसाहेबांचं, घराचं, पात्याचं सगळं सांगितलं. त्यानं सगळं लिहून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाला, "तुमचा हात कसा चालतो हो कोयत्यावर, या वयात?" लाकूडकंपनीनं हरकत घेतली नाही. विल्फ त्या दरम्यान गेला, झोपेतच, फेब्रुवारीत. त्याची साक्ष मात्र कागदांत होती: आजी कार्डविकची, आली ती पायी.

हुकूम झाला त्या आठवड्यात मंडळी कार्डविकच्या बाजूनं निघाली. मिस गिटिन्स कोट घालून, केसांना पाणी लावून तयार होती. दगडाशी आल्यावर ती थांबली. कुणी हात पुढं केला नाही. तिनं दगडाच्या हॉपस्टोकडच्या बाजूला एक पाय टाकला, मग दुसरा, आणि म्हणाली, "इथं तुम्ही काहीच छाटत नाही की काय? लाज नाही वाटत?"

त्यानंतर मात्र तिचं तोंड थांबेना. हे कुरण कुणाचं? या कालवडी इतक्या काळ्या का? तो पलीकडचा डोंगर आमच्याकडून दिसतो तोच का, मग त्याला या बाजूनं दोन शेंडे कसे? पुलावर ती मधोमध उभी राहून खाली नदीकडं बघत राहिली. हेच पाणी तिच्या बाकासमोरून येत होतं, आणि ते पुढं कुठं जातं ते तिनं आज पाहिलं. गावात शिरल्यावर प्रत्येक दारापाशी "इथं कोण राहतं?" आणि ग्लेनिस सांगत होती, कुणाचं दार, कोण वारलं, कुणाची मुलगी कॅनडात.

पबमध्ये तिनं अर्धा ग्लास सायडर घेतलं. डेस्मंडनं विचारलं, "परत जाताना गाडीनं सोडू? दमला असाल."

मिस गिटिन्स खिडकीतून बाहेर बघत होती. चर्चच्या पलीकडून एक पायवाट टेकडीवर चढत होती आणि वर झाडांमागं दिसेनाशी होत होती.

"ती कुठं जाते?" तिनं विचारलं.

ग्लेनिस आणि डेस्मंड दोघंही एकदम सांगायला लागले. मग ग्लेनिस मध्येच थांबली, ग्लास खाली ठेवला आणि कोट घ्यायला उठली.